दोघांचा भात

मुलुंड, ऑगस्ट १९८६

चि. रत्नप्रभा,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, नाहीतर डॉक्टरकी अर्धवट सोडून पळत येशील.

तू वेस्ट इंडिजकडच्या त्या बेटावर शिकायला गेलीस, तेव्हापासून आमच्या विमान-तिकिटांच्या ऑफिसातला शेठ तिथे मुलं पाठवणाऱ्या पालकांना माझ्याच टेबलाशी बसवतो. "पोरांना करमतं का हो तिथे?" ते विचारतात. "झकास करमतं!" मी सांगतो. मग घरी येऊन सवयीने दोघांचा भात लावतो.

काल एकाने विचारलं, त्या बेटावरच्या लोकांची स्वतःची मुलं कुठे डॉक्टरकी शिकतात? तुमचं कॉलेज बाहेरच्यांसाठीच ना गं. ती बिचारी शाळा संपली की शिकायला दुसऱ्या देशात जातात. म्हणजे तिथेही कुणी बाप दोघांचा भात लावत असेल.

असा कुणी भेटला, तर त्याच्याकडे जेवायला जा.

तुझे,
बाबा