त्या बाईंचं गाणं

६ जुलै २००३, माजलगाव
झाडताना हॉलमधली खुर्ची वीतभर सरकली, तर ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. दोन उंच स्पीकर, त्यांच्यासमोर ही एकच खुर्ची, पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा. तिथं बसलं तरच गाणं मधोमध उभं राहतं म्हणे. मला ते कायम स्वयंपाकघरातून, पाठमोरं.
खाली खताचं दुकान, वर हा संसार. दुकान बंद केलं की हे सीडीतली गाणी कंप्युटरात उतरवत बसतात. दाबून लहान केलेली फाईल चालत नाही, गाण्याचा जीव जातो. गाण्याच्या जिवाची एवढी काळजी. बरं आहे.

११ जुलै
बीडहून बोलावणं आलं! रेडिओची स्वरचाचणी, २० ऑगस्टला. अर्ज लग्नाआधी माहेरून भरला होता, विसरूनही गेले होते. हे म्हणाले, बघू. ह्यांचं ‘बघू’ मला आता पाठ आहे.
सासूबाई (यापुढं सा. बा., रोज एवढं कोण लिहिणार) म्हणाल्या, “आपल्या घरातल्या बाया गात न्हाईत. आरतीला टाळी वाजवली की झालं.” सुनेचा आवाज खाली गिऱ्हाइकांच्या कानावर जातो, म्हणून रियाज लग्नापासून बंदच. गुणगुणते ती मिक्सर चालू असताना.

१७ जुलै
सा. बा. नांदूरघाटला, लेकीकडं. हे आपणहून माइक घेऊन आले. माझ्या मशीनवर तुझा आवाज कसा येतो बघू, म्हणाले. शंकराचं पद गायले, गुरुजींनी बसवून दिलेलं. मांडीवर ताल धरून. किती दिवसांनी गळा मोकळा सोडला. नंतर रडू आलं, ते फाईलमध्ये नाही.
अंतऱ्यात श्वास तुटला. परत घेऊ म्हटलं, तेवढ्यात खाली खताचा ट्रक आला. राहिलं ते राहिलंच.

२२ जुलै
सा. बा. परत आल्या. ह्यांनी संध्याकाळी तेच लावलं. मी भाकरी थापत होते.
“कोन रं ही बाई? गोड गाती.”
हे म्हणाले, पुण्याची आहे.
माझी भाकरी करपली. नंतर ह्यांना विचारलं तर म्हणे, तू गप्प बस, आईला आवडलंय ना.

२९ जुलै
आता रोज दिवाबत्तीला ‘त्या बाई’. सा. बा. स्वतः सांगतात, शिवा, त्या बाईला लाव.
ह्यांच्या कानाला मात्र गाण्यामागं किणकिण ऐकू येते. दोष वायरींचा ठरला, मग अर्थिंगचा. मागच्या अंगणात खड्डा खणला, कोळसा नि मीठ भरलं. किणकिण आहे तशीच. आता साउंड कार्डावर संशय.

४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार
घरचे गुरू जंगमस्वामी जेवायला. त्या बाई लावल्या. स्वामींनी डोळे मिटले. मी वाढत होते. अंतरा जवळ आला की माझाच श्वास अडकतो. रोज तीच चूक, सगळ्यांसमोर, आणि मला हात लावता येत नाही.
कोण गातंय, स्वामींनी विचारलं. सा. बा. म्हणाल्या, पुन्याची हाय कुनीतरी. मी खीर वाढली.

९ ऑगस्ट
बीडचा विषय काढला. हे म्हणाले, आता कशाला? गाणं तर रोज वाजतंय की. स्वामींनीसुद्धा ऐकलं. आणखी काय पाहिजे?
काय पाहिजे ते सांगता आलं नाही, याचाच संताप. माझ्या वाटेत आता मीच आडवी पडलेय.

१३ ऑगस्ट
सा. बा. आणि मी शेंगा फोडत होतो. हे अंगणात पुन्हा खड्डा उकरत होते.
“कावून उकरतोय येड्यावानी. त्या बाईच्या हातात पाटल्या हायत, अन् काचंच्या बांगड्या. ताल धरला की वाजत्यात.”
माझे हात थांबले.
“पैल्या दिसापासून ठाव हाय मला. ती गाऊ दे की. तिला कोन वळखतंय? तू आमची सून हायस.”
आधी आनंद झाला, खोटं कशाला लिहू. कुणीतरी ओळखलं. मग इतका राग आला की शेंगा तशाच टाकून उठले. सवाष्ण बाई, बांगड्या काढून कशी गाणार होते? आणि हे! तबलजीचं बोट कुठं पडलं ते सांगतात, बायकोच्या बांगड्या कळल्या नाहीत.

१८ ऑगस्ट
हे दुकानात, सा. बा. देवळात. त्या खुर्चीत बसले, पहिल्यांदाच. फाईल लावली. खरंच मधोमध उभी राहते. छान गाते बाई. पण तिचा अंतरा कधीच सुधारणार नाही. माझा सुधारेल.
काढून टाकली. कंप्युटरनं विचारलं, नक्की काढायची का. या घरात मला कुणी काही विचारायची ही पहिलीच वेळ. त्याची कचरापेटीसुद्धा रिकामी केली.

१९ ऑगस्ट
दिवाबत्ती झाली. शिवा, लाव त्या बाईला. ह्यांना सापडेना. सगळं धुंडाळलं, कंप्युटर दोनदा बंद-चालू केला.
मी दारात येऊन सांगितलं, त्या बाई गेल्या. कुठं, म्हणून हे माझ्याकडं बघतच राहिले. बीडला, म्हटलं.
सा. बा. देवापुढं वाकल्या. निरांजनाची वात सारखी केली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, “काय म्हनून गेली? जाते म्हनली, का येते म्हनली?”
काहीच म्हणाल्या नाहीत अजून, असं म्हटलं, आणि आत येऊन कणीक मळायला घेतली.