पांढऱ्या रंगाखालचा क्रूस

मी, जुलियाना बर्नार्ड डाबरे, वय एकोणऐंशी, जन्म वसईतल्या गास गावी, हल्ली राहणार हॅमिल्टन, ऑन्टारिओ, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाचंही दडपण न घेता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरने दिला आहे. जिभेबद्दल त्याने काही लिहिलेलं नाही, आणि ते बरंच केलं.

१. यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. कॉलिनने टाईप करून आणलेला आणि मी सही न केलेला कागदही त्यातच धरावा.

२. माझी मैत्रीण, निवृत्त डॉक्टर चित्रा सबनीस, हिला मी व्यवस्थापक नेमते. तिने माझा मुलगा कॉलिन आणि मुलगी ग्लेन्डा यांना समोर बसवून हे मोठ्याने वाचावं. कॉलिनला मराठी कळतं, वाचता येत नाही. म्हणूनच मराठीत लिहिते आहे. इंग्रजी कागद तो नुसता चाळतो आणि शेवटचं पान बघतो. बाबा रे, आज तुला पूर्ण ऐकावं लागेल. चित्रा, तो मध्येच फोन बघायला लागला तर थांब, आणि त्याने फोन खिशात ठेवला की तीच ओळ पुन्हा वाच.

३. बँकेतली शिल्लक दोघांत निम्मी. सोन्याची कर्णफुलं, लाल लुगडं आणि मसाल्याची मोठी बरणी ग्लेन्डाला. ग्लेन्डा कोक्विटलामहून, देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, दर रविवारी फोन करते, आणि मी बोलत असताना भांडी घासते. तरी फोन करते, हे महत्त्वाचं. शिवणयंत्र चर्चच्या बायकांना द्यावं. त्याचं पायडल जरा अडतं, शिव्या दिल्या की चालतं.

४. अ‍ॅपल पाय भाजायची काचेची डिश, निळ्या काठाची, ओटावात राहणाऱ्या एलेनला. एलेन ही मिसेस एथलिनची मुलगी. एथलिन आमच्या क्लेरी स्ट्रीटवर समोरच्या घरात राहायची, मूळची नोव्हा स्कोशियाची, काळी. १९७४ साली आम्ही त्या रस्त्यावर घर घेतलं तेव्हा पहिल्या आठवड्यात आमच्या दारावर दोन गोष्टी आल्या. एक एथलिनचा अ‍ॅपल पाय, दुसरी खडूने लिहिलेली शिवी, 'पाकी गो होम'. माझ्या नवऱ्याने, बर्नार्डने, ओल्या फडक्याने शिवी पुसली आणि म्हणाला, "चुकून लिहिलं असेल. आपण ख्रिस्ती आहोत हे त्यांना माहीत नाही."

आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. म्हणून ग्लेन्डाने डिशमध्ये नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, भरून द्याव्यात. विकतच्या नकोत. तीन वर्षं ही डिश दोन्ही घरांत भरून जायची-यायची; शेवटी ती माझ्याकडेच का राहिली ते पुढे येतं.

५. आता क्रूस. हा सध्या माझ्या अपार्टमेंटच्या स्टोअरेज लॉकरमध्ये, चादरीत गुंडाळलेला आहे.

गासला आमच्या दारापुढे क्रूस होता. मे महिन्यात संध्याकाळी आळीतली माणसं त्याला झेंडूचे हार घालायची, मेणबत्त्या लावायची, प्रार्थना म्हणायची, आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जायचे. इथे हॅमिल्टनला बर्नार्ड स्टील प्लांटमध्ये कामाला होता. तिथून तो लाकूड घेऊन आला आणि अंगणात, रस्त्याला तोंड करून, पुरुषभर उंचीचा क्रूस उभा केला. त्याचा हिशेब साधा होता. इटालियन, पोलिश, आयरिश, सगळे रविवारी आपल्याच चर्चमध्ये येतात. क्रूस बघितला की त्यांना कळेल, हे आपल्यातलेच. अगं बाई गं, किती विश्वास होता त्या माणसाचा!

एथलिनने तो क्रूस बघितला आणि रस्ता ओलांडून आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "ज्युली, लॉनवर नको. मागच्या अंगणात लाव." का, ते तिने तेव्हा सांगितलं नाही. आम्हाला वाटलं, ती बाप्टिस्ट, तिला कॅथलिक गोष्टी आवडत नसतील.

१९७७च्या मे महिन्यात, एका रविवारी सकाळी उठून पडदा सारते तर क्रूस जळालेला. हार राख, लाकूड कोळशासारखं काळं, गवतावर काळं वर्तुळ.

बर्नार्ड म्हणाला, "मेणबत्ती कलंडली." कॉलिन, तू तेव्हा पाच वर्षांचा होतास. तुझ्या वडिलांनी तुला हेच सांगितलं, आणि आजतागायत तू हेच सांगत आलास. मग त्यांनी कोट-टाय घातला, मला केक करायला लावला, आणि घराघरांत जाऊन माफी मागितली. आमच्या मेणबत्तीमुळे तुम्हाला त्रास झाला, सॉरी. लोकांनी केक घेतला. "दॅट्स ओके, बर्नी," म्हणाले. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

मेणबत्ती नव्हती. आदल्या संध्याकाळी सगळे तुकडे मी स्वतः विझवून चण्यांच्या टोपात गोळा केले होते. ते सकाळी ओट्यावर तसेच होते. टोप मी बर्नार्डच्या नाकासमोर धरला.

एथलिनने तर खिडकीतून बघितलं होतं. दोन मुलं, पेट्रोलचा डबा. त्यातला एक तिच्या ओळखीचा. ती आमच्या किचनमध्ये येऊन बसली आणि सांगितलं, जळता क्रूस म्हणजे या देशात काय असतं, गोऱ्यांनी काळ्यांना दिलेली 'निघून जा' अशी धमकी, तिच्या आजोबांच्या दारात तो कोणी जाळला होता, आणि त्या घरातली माणसं मग कशी निघून गेली. "दिस वॉज नॉट युअर कँडल," ती म्हणाली. "पोलिसांकडे चल. मी सांगते काय बघितलं ते."

बर्नार्ड हात जोडून म्हणाला, "मिसेस एथलिन, आम्हाला इथेच राहायचंय." ती गेल्यावर मला म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, तुझ्या मुठीत राख आहे, सव्वा लाख कुठले? दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्याने काळ्या लाकडाला पांढरा ऑइलपेंट दिला. पुढे दर मे महिन्यात नवा हात द्यायचा. आता त्यावर इतके थर आहेत की कोपरे गोल झालेत.

एथलिन त्याच वर्षी घर विकून गेली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. आमचं जळलं आणि कळलं तिला. माझ्या एकुलत्या एका मैत्रिणीला त्या रस्त्यावरून आमच्या केकने घालवलं. डिश घ्यायला ती आली नाही. मग दर ख्रिसमसला फोनवर बोलायचो, ती देवाघरी जाईपर्यंत, पण त्या विषयावर नाही.

६. डगला बर्फाचं फावडं. क्लेरी स्ट्रीटवर तो आमच्या शेजारचा, क्रूस जळाला तेव्हा चौदा वर्षांचा, पुढे कॉलिनचा दोस्त. बर्नार्ड गेल्यावर मी त्या घरात एकटी होते तितके सगळे विंटर डगने माझा ड्राइव्हवे शोव्हल केला. मी सांगितलं नव्हतं. कॉफीलाही कधी आत आला नाही, बूट खराब आहेत म्हणायचा. चित्रा, पुढचं त्याला इंग्रजीत सांग. डग, मी तुला माफ करून खूप वर्षं झाली. पण विसरले असं समजू नकोस.

७. क्लेरी स्ट्रीटचं घर. त्यात गेल्या वर्षापासून रीमा, तिचा नवरा आणि तीन मुलं भाड्याने राहतात. सिरियाहून आलेले. कॉलिनला ते नकोत. त्याला घर विकायचं आहे.

या कॅनडा डेला जुन्या रहिवाशांचं गेट-टुगेदर झालं. रस्त्यात टेबलं, हॉट डॉग, देशाला दीडशे वर्षं झाल्याचे टी-शर्ट. आता तिथे न राहणारी सगळी माणसं तिथे जमली आणि आपला रस्ता कसा बिघडला यावर बोलली. रीमा ताटभर गोड घेऊन बाहेर आली, ते टेबलाच्या टोकाला तसंच राहिलं. मी चार तुकडे खाल्ले, मला डायबेटिस असून. मग कॉलिनने माईक घेतला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! "वी केम हिअर अँड वी फिट इन. या रस्त्यावर आम्हाला कधी कोणी वाकडा शब्द बोललं नाही. हे नवे लोक..." टाळ्या पडल्या. डगने टाळ्या वाजवल्या नाहीत, तो प्लेटकडे बघत होता. मी खुर्चीत बसून होते आणि मला माझ्या पोटच्या पोराची लाज वाटली. तेही इथे लिहून ठेवते.

त्या आठवड्यात रीमाच्या दारावर कोणीतरी अंडी मारली. तिने मला फोन केला आणि काय म्हणाली माहिती आहे? "सॉरी आंटी. मुलांचा आवाज झाला असेल." मी फोन ठेवला आणि रडले. चाळीस वर्षांनी तोच केक पुन्हा माझ्या तोंडात आला.

म्हणून घराची व्यवस्था अशी. ग्लेन्डाने तिचा वाटा आपणहून सोडला आहे, तेव्हा घर पूर्ण कॉलिनचं. अट एकच. त्याआधी त्याने तो क्रूस क्लेरी स्ट्रीटच्या अंगणात न्यावा, आडवा ठेवावा, आणि स्वतःच्या हाताने सगळा रंग खरवडावा. मशीन नको. दुसरं टोक डगने धरावं. डग, त्या वेळी तुला काही बोलायचं असेल तर बोल. नसेल तर नुसतं धर, पण बघ.

खरवडलेला क्रूस माझ्या कबरीवर लावावा. पुन्हा रंग देऊ नये. खाली बर्नार्ड आहे, तो कुरकुर करेल. मी बघून घेईन त्याचं.

आणि कॉलिन, तुझे हात काळे झाले असतील. ते धुवायचे नाहीत. तसाच पायऱ्या चढ, रीमाचं दार वाजव, आणि तिला तोंडावर सांग की घर खाली कर. सांगता आलं तर विक घर, माझी हरकत नाही. नाही सांगता आलं, तर आत जाऊन हात धुऊन घे. ती चहा विचारेल. नाही म्हणू नकोस.

हे सर्व मी लिहिलं, वाचून पाहिलं, आणि साक्षीदारांच्या देखत सही केली. एकही शब्द खोडलेला नाही.

(सही) जुलियाना बर्नार्ड डाबरे

साक्षीदार, दोघांनीही माझ्या समोर व एकमेकांसमोर सही केली:
डॉ. चित्रा रवींद्र सबनीस, हॅमिल्टन
नंदन कारखानीस, हॅमिल्टन

ठिकाण: हॅमिल्टन, ऑन्टारिओ
तारीख: १४ सप्टेंबर २०१७, पवित्र क्रुसाचा सण