क्रेस्टन कस्टम : जगात एकूण किती?

३ जानेवारी, सकाळी ६.१०
आजपासून संशोधन. रोज सहा ते आठ, सबब चालणार नाही. विषय : क्रेस्टन कस्टम, अमेरिकन मोटार, मॉडेल १९५७. जगात एकूण किती बनल्या? एक आपल्या गॅरेजमध्ये उभी आहे, म्हणजे मोजणीला सुरुवात झालीच.
माझा अंदाज शंभराच्या आत. रस्त्यावर अशी दुसरी गाडी मी कधी पाहिलेली नाही. (आपलीही रस्त्यावर फारशी दिसत नाही, ते सोडा.)

४ जानेवारी
साडेआठला उठलो. काल पहिल्याच दिवशी मेंदूवर फार ताण दिला.
बायकोला गॅरेज हवंय. शिवणक्लास काढायचाय, शिकायला येणाऱ्या बायकांची नावंसुद्धा घेऊन झालीत. मी शांतपणे सांगितलं, दुर्मिळ वस्तू अशी हलवत नसतात. ती म्हणाली, मग दुर्मिळ आहे हे सिद्ध करा. मुदत मार्चअखेर. शंभरावर एक जरी निघाली, तर गाडी अंगणात. मी हसत हसत कबूल केलं. बिचारी.

११ जानेवारी
घबाड! रद्दीच्या दुकानात मोटारींचं जुनं मासिक. त्यात स्वच्छ छापलंय : क्रेस्टन कस्टम, उत्पादन ४१. एकेचाळीस! पान त्या कडेला थोडं फाटलंय, पण आकडा शाबूत.
लेक कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकते. तिने विचारलं, बाबा, एकेचाळीसच्या पुढे स्वल्पविराम आहे का? म्हटलं, तो शाईचा डाग आहे. हल्लीच्या पिढीला पूर्णविराम कुठे द्यावा ते कळत नाही.

१७ जानेवारी
ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. साहेब म्हणाले, अरे वा, आणि विम्याचे तीन तुंबलेले क्लेम माझ्या टेबलावर ठेवले. मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो!
जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात नाव नोंदवलं. २८ मार्च. फॉर्मवर लिहिलं, ‘जगातल्या एकेचाळीसांपैकी एक’. पहाटेचं संशोधन थंडीमुळे तात्पुरतं बंद.

२ फेब्रुवारी
सासरे राहायला आले. गाडी मूळ त्यांची. ऐतिहासिक मुलाखत घ्यावी म्हणून वही-पेन घेऊन बसलो. हीच गाडी का निवडली? म्हणाले, तेव्हा ज्याच्या-त्याच्याकडे हीच होती, पार्ट कुठंही मिळायचे. वय झालं, आठवणींची सरमिसळ होणारच.
मग म्हणाले, गाडी मूळची करडी. घराच्या खिडक्यांना आणलेला हिरवा रंग उरला होता, वाया कशाला घालवायचा, म्हणून गाडीला फासला. मुलाखतीचा हा भाग नोंदवलेला नाही.

१९ फेब्रुवारी
कंपनी कधीच बंद पडली. तिची कागदपत्रं तिकडच्या एका लायब्ररीत आहेत. तिथल्या बाईंना ईमेल केली होती, उत्तर आलं. फार अदबशीर बाई. कारखान्याच्या रजिस्टरचा फोटोही जोडलाय. १९५७ सालच्या कस्टम : ४१,२०६.
आकडा पाहून तुम्हाला आनंद होईल, असं त्यांनी लिहिलंय.
दोन ग्लास पाणी प्यायलो.

२० फेब्रुवारी
डोकं शांत ठेवून विचार केला. मूळ प्रश्नच चुकला होता. किती बनल्या याला काय अर्थ? हिरव्या किती, हा खरा प्रश्न. रजिस्टरमधल्या रंगांच्या यादीत आपला हिरवा नाहीच. म्हणजे खुद्द कारखान्यानेही अशी गाडी बनवली नाही. उत्पादन शून्य! एकेचाळीसवरून थेट शून्यावर. प्रगती आहे.
लेकीला हे समजावलं. ती म्हणाली, या हिशेबानं आपली बादलीपण दुर्मिळ, तिच्यावर सिमेंटचे ओघळ आहेत. बायकोला ३१ मार्चला सांगेन. मुदत तिनेच दिलीय, आपण मोडायची कशाला?

१४ मार्च
मिस्त्रीच्या तिसऱ्या फेरीत गाडी एकदाची सुरू झाली. शेजारचे दचकून बाहेर आले. मिस्त्री म्हणाला, साहेब, हेच मॉडेल माझ्याकडे अजून तिघांचं येतं. विनोदी माणूस.

२८ मार्च, सकाळी ७
गाडी चकाचक. फाइल तयार : साठ पानं, स्पायरल बाइंडिंग. बायको आणि लेकही निघाल्यात. इतिहासाला साक्षीदार लागतातच.

२८ मार्च, संध्याकाळी
गेटवरचा माणूस म्हणाला, क्रेस्टन ना? उजवीकडे घ्या, क्रेस्टनच्या रांगेत.
रांग.
सात उभ्या होत्या. सगळ्या १९५७च्या. आमची आठवी. प्रत्येकीच्या बॉनेटशी एकेक गृहस्थ, प्रत्येकाच्या काखेत फाइल. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची गाडी जगात एकमेव, कारण ॲशट्रे डावीकडे. पलीकडच्यांची एकमेव, कारण हॉर्नचा सूर वेगळा. मी तिसऱ्या पानापर्यंत वाचलं, मग डॉक्टरांनी त्यांचं पहिल्यापासून सुरू केलं.
बायको तेवढ्यात सातही मालकिणींशी गप्पा मारून आली. गाडी कुठं ठेवता, एवढंच प्रत्येकीला विचारलं म्हणे. सातही जणींचं उत्तर : बाहेर.
बक्षीस मिळालं. ‘सर्वाधिक संख्येने आलेलं मॉडेल’. आठांत एक ढाल. पाळीपाळीने ठेवायची, माझी पाळी शेवटची. निघताना गाडी सुरू होईना, तेव्हा सातही जण फाइली बाजूला ठेवून ढकलायला आले. माणसं चांगली आहेत, संशोधन कच्चं.
वाटेत बायकोला आकडा सांगून टाकला. ती म्हणाली, फेब्रुवारीतच कळला होता, लेकीनं सांगितला. मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही आनंदात होता, म्हणून म्हटलं, मेळावा तर होऊ दे.


३१ मार्च
गाडी अंगणात नेली. मी स्टिअरिंगवर बसून सूचना देत होतो, बायको आणि लेक मागून ढकलत होत्या. वीस मिनिटांत तसूभर हलली नाही. शेवटी लेक म्हणाली, बाबा, तुम्ही खाली उतरा.
उतरलो. लगेच हलली.