ओ-यू की नुसता यू

वालूर,
९ जानेवारी २०२५

चि. सुकेशनी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एवढ्या वर्षांनी माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. सटवाजीनं तुझा नंबर दिला होता. दोनदा लावला आणि तिकडे वाजायच्या आत बंद केला. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. सोनपेठला तुझ्या आश्रमशाळेच्या पत्त्यावर टाकतोय. वेळेत मिळावं.

इकडे सगळं ठीक. हरभरा घाट्यावर आलाय. तुझ्या काकूंचे गुडघे थंडीत बोलतात, पण घरात त्यांचा आवाज अजून माझ्यापेक्षा मोठा आहे. मी येत्या रविवारनंतरच्या रविवारी, म्हणजे १९ तारखेला, पंचाहत्तर वर्षं पुरी करतो. सटवाजी, तुझ्याच वर्गातला, आता देवगाव फाट्यावर फ्लेक्स छापतो. सत्काराचं खूळ त्याच्याच डोक्यातलं. शाळेच्या मैदानावर मांडव, जेवण, सगळं ठरवून मोकळा झालाय.

पत्रिका त्यानंच छापली. 'फेलिसिटेशन'मधला एक आय खाल्लाय. 'चीफ गेस्ट'मधल्या चीफचे आय आणि ई उलटेपालटे. तीन वेळा फोन केला. शेवटी म्हणाला, "सर, जाऊ द्या की. वाचायलंय कोण?" मी म्हणालो, मी वाचतो ना. काकू आतून ओरडल्या, "तुमचा सत्कार हाय का त्याची परीक्षा?"

माझी ही खोड तुला ठाऊकच आहे. रिटायर झालो तरी गेली नाही. केस कापायला गेलो तर आधी दुकानाची पाटी दुरुस्त होते, मग केस. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणी 'डिस्कस अबाउट' किंवा 'रिटर्न बॅक' लिहिलं की मी लगेच तिथं उत्तर टाकतो, की 'अबाउट' नको, 'बॅक' नको. आता मी काही लिहिलं की ग्रुप संध्याकाळपर्यंत गप्प असतो. काकू म्हणतात, लोकांना घाबरवण्यात कसलं आलंय शिक्षण.

असो. हे सांगायला कागद घेतला नव्हता.

पत्रिकेवर बोलणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव वाचलं. सटवाजीला विचारलं, सुकेशनीचं नाव कुणी घातलं? तो म्हणाला, "तिनं सोताहून फोन केला सर. म्हणली, मला बोलायचंय."

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. अंगणातून ओसरीत, ओसरीतून अंगणात चालू आहे. तू काय बोलणार आहेस, एवढं कळवशील का? अध्यक्ष म्हणून संस्थेचे भगवानराव आहेत. त्यांच्यासमोर जुनंपानं काही निघालं तर कुणालाच बरं वाटणार नाही. तुलाही. भाषण लिहून पाठवलंस तर मी एकदा नजर टाकीन.

हे शेवटचं वाक्य खोडायला पाहिजे. पण खाडाखोड केलेलं पत्र मी कधी कुणाला पाठवलं नाही.

तुझे वडील पंडितराव कसे आहेत? तुझ्याजवळच असतात का? त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझे सर

—

वालूर,
२१ जानेवारी २०२५

सुकेशनी,
सप्रेम जयभीम.

आशीर्वाद लिहायला हात धजला नाही.

परवा तू न जेवता गेलीस. तुझं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. काकू विचारत होत्या, ती सोनपेठची बाई कुठं गेली? मी म्हणालो, गाडीची वेळ झाली असेल. बघ, इथंसुद्धा मी नीट खरं बोललो नाही.

तू स्टेजवर आलीस. तू दोन मिनिटंही बोलली नाहीस. "सरांनी मला डिक्शनरी उघडायला लावली. कशी, ते सरांना माहीत आहे. तेच सांगतील." एवढंच बोलून तू खाली जाऊन बसलीस. लोकांना वाटलं, बाई लाजली. टाळ्या पडल्या. माझ्या हातात माइक आला.

मग मी १९९६ची ती गोष्ट सांगितली. तू नववीत होतीस. निबंधात तू उच्चार या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला होतास, प्रनन्सिएशन. मी त्यावर लाल फुली मारून मधे ओ घातला. उच्चारणे, म्हणजे प्रनाउन्स, या क्रियापदात ओ-यू आहे, म्हणून त्यापासून झालेल्या नामातही ओ-यूच असणार, असा माझा हिशेब. तू उभी राहून म्हणालीस, "सर, डिक्शनरीत नुसता यू आहे." शाळेच्या कपाटातली ती फाटकी डिक्शनरी तू घेऊन आली होतीस. बोट ठेवून दाखवत होतीस. मी पान बघितलंच नाही. "डिक्शनरी मला शिकवते का तू?" म्हणालो, आणि तोच शब्द ओ घालून शंभर वेळा लिहून आणायला लावला. तू आणलास. शंभरच्या शंभर. मी खाली सही केली.

हे मी माइकवर सांगितलं. "त्या मुलीचं बरोबर होतं, मी चुकलो होतो," असं म्हणालो. नाव घेतलं नाही. आणि मांडवात काय झालं ते तू ऐकलंसच. जोरात टाळ्या. सटवाजीनं डोळे पुसले. भगवानरावांनी उठून मला मिठी मारली आणि माइक ओढून म्हणाले, "बघा, पंचाहत्तराव्या वर्षी स्वतःची चूक कबूल करतो, याला म्हणतात गुरुजी!" दुसरा हार घातला. माझी चूक सांगून मीच मोठा झालो. मान वर केली तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती.

हार काढून टेबलावर ठेवला आणि स्टँडकडे निघालो. तू शेडखाली सेलूच्या गाडीची वाट बघत उभी होतीस. मला धाप लागली होती. तू आधी पिशवीतली पाण्याची बाटली मला दिलीस. मग म्हणालीस,

"अर्धंच सांगितलं तुमी, सर."

मी म्हणालो, "अगं, एवढ्या लोकांत..."

"लोकांना सांगा म्हणलंच न्हाई मी. मला सांगा. इंटरव्ह्यूच्या दिवशी तुमाला ते आठवलं होतं का न्हाई? तेवढंच विचारायला आले होते. लय वर्षं झाले, मी सोताशीच भांडायलेय. कधी वाटतं, सर विसरले असतील. कधी वाटतं, न्हाई."

मी काय बोललो? मी म्हणालो, तेव्हा नुकताच रिटायर झालो होतो, पेन्शनचे कागद अडकले होते, संस्थेचं राजकारण तुला ठाऊक नाही. गाडी आली. तू पायरीवर पाय ठेवलास आणि वळून म्हणालीस, "पत्रात वडिलांची चौकशी केली तुमी. ते जाऊन सहा वर्षं झाले."

दोन दिवस झाले. काल वाण्याच्या दुकानात गेलो आणि काय आणायचं ते विसरून परत आलो. लिहायला बसतो, उठतो. काकूंना काल सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला कशाला सांगायलात? जिला सांगायचं तिला सांगा." तुम्ही दोघी एकच बोललात.

तर सांगतो.

हो. आठवलं होतं.

तुझी नववी संपल्यावर दोन वर्षांनी परभणीला प्रशिक्षण होतं. तिथल्या बाईंनी फळ्यावर तो शब्द नुसत्या यूनं लिहिला. मी हात वर करून त्यांची चूक काढायला उठलो. त्यांनी शांतपणे डिक्शनरी पुढे केली. तिथं पन्नास शिक्षक होते. परतीच्या गाडीत सबंध रस्ता मला तुझं बोट दिसत होतं. पुढच्या वर्षीपासून मी मुलांना बरोबर शिकवायला लागलो, आणि कुणाला काही बोललो नाही. तू तेव्हा सेलूला अकरावीत होतीस. एसटीनं अर्धा तास. आलो नाही.

मग २००८. माझीच जागा रिकामी झाली होती, आणि माणूस निवडायला विषयतज्ज्ञ म्हणून मलाच बोलावलं. अर्जांचा गठ्ठा माझ्यासमोर. तुझ्या अर्जात तू लिहिलं होतंस, की खेड्यातल्या मुलांचे उच्चार सुधारायला मला आवडेल. इंग्रजी अर्जातला उच्चाराचा तो शब्द ओ-यूनं होता, मी शंभर वेळा लिहून घेतला होता तसाच. नाव न बघताच मी त्याच्याभोवती लाल गोल केला. सवय. भगवानरावांनी तो गोल बघितला आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. "उच्चार शिकवणार, अन् उच्चाराचंच स्पेलिंग येईना." हसले. एक जण म्हणाला, "सवलतीतल्या डिग्र्या, दुसरं काय." तेव्हा तू आत आलेली होतीस. दारातच होतीस. तू ते ऐकलंस हे मी बघितलं.

मग तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "मला शाळेत असंच शिकवलं होतं, सर."

कुणी शिकवलं, ते तू सांगितलं नाहीस. शाळा कुठली, हे तुझ्या अर्जात वरच लिहिलेलं होतं. इंग्रजीला शिक्षक कोण, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी टेबलावरचे कागद सरळ केले आणि म्हणालो, "नेक्स्ट."

जागा भगवानरावांच्या भाच्याला मिळाली. त्याच्या अर्जात चार चुका होत्या. मी गोल केले नव्हते.

बाहेर पडलो तर लिंबाखाली तुझे वडील बसले होते. स्वच्छ धोतर, डोक्याला रुमाल. उठून उभे राहिले. "सर, तुमी हायत म्हणल्यावर मला काळजी न्हाई. झालं का पोरीचं काम?" मी म्हणालो, कळवतील. त्यांनी माझ्या पायाला हात लावला. मी लावू दिला.

त्यानंतर सात वर्षं तू तासिकांवर कुठं कुठं शिकवलंस ते मला सटवाजीकडून कळायचं. दर वेळी मी विषय बदलायचो.

काल मी संस्थेला पत्र लिहून हातानं नेऊन दिलं. त्यात २००८ची निवड, ते हसणं, तो शेरा, कोण काय बोललं आणि मी काय बोललो नाही, सगळं लिहिलंय. पोच घेतलीय. आज दुपारी भगवानरावांचा फोन आला. "सर, परवाच तुमचा एवढा सत्कार केला, अन् हे काय काढायलात? वय झालं तुमचं." मी म्हणालो, वय झालं म्हणूनच. त्यांनी फोन ठेवला. यातून काही होईल असं मला वाटत नाही. भाचा आता सुपरवायझर आहे. तरी त्या पत्राची प्रत सोबत जोडतोय. वर्गात वाच, पेटीत ठेव, चुलीत घाल. ती तुझी आहे.

तुझ्या वडिलांना मात्र आता कुठल्याच पत्त्यावर कळवता येणार नाही. ते माझ्याकडेच राहील.

जन्मभर मी लोकांच्या चुका काढल्या, म्हणून हा एक हिशेब तरी चोख लिहितो. नववीत मी चुकलो. २००८ साली चुकलो नव्हतो. तेव्हा मला बरोबर काय ते माहीत होतं, आणि तू समोर उभी असताना मी गप्प बसलो.

दिनकर मुंजाजी गिराम