अर्जदार बेडीत नसल्याबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
आमराई उद्यान व हरितपट्टा कार्यालय,
चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : जहांआरा चांदपाशा इनामदार, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, रा. चिकलठाणा.

विषय : अर्जदार बेडीत नसल्याची नोंद घेणे, सून झेबा हिच्यावरील अंतरबंदी उठविणे व उद्यानातील नवा झोका आजच्या आज थांबविणेबाबत.

संदर्भ : १) सून झेबा हिचा परवानगी अर्ज. २) त्या अर्जाचे आपल्या कार्यालयात झालेले मराठी भाषांतर. ३) दक्षता समितीचा अहवाल. ४) आपल्या दोन नोटिसा.

महोदय,

अर्जदाराने हयातभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले. स्वतःचा अर्ज करण्याची ही पहिलीच वेळ आहे, तेव्हा अधिक-उणे सांभाळून घ्यावे.

१. अर्जदार गेल्या वर्षी घराच्या ओल्या ओट्यावरून घसरून पडली. हाड मोडले नाही, पण धीर मोडला. डॉक्टर म्हणाले, सगळे ठीक आहे, चालत जा. परंतु भिंत धरल्याशिवाय अर्जदाराचे पाऊल पडेना. यजमान श्री. चांदपाशा यांनी आधी समजूत घातली, मग काठी आणली, शेवटी हात टेकले. सून झेबा ही एका शाळेत खेळ शिकविते. ती म्हणाली, “अम्मी, जमीन पे डर लगता ना? तो फिर जमीनइच छोड देंगे.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अर्जदारास आमराई उद्यानात नेले.

तेथील दोन कडुनिंबांना साल सोलू नये म्हणून जुन्या सतरंजीचे तुकडे गुंडाळून, त्यांच्या मधोमध गुडघ्याएवढ्या उंचीवर तिने एक रुंद पट्टा ताणला. यावरून तोल सांभाळीत चालायचे. यास स्लॅकलाइन म्हणतात. पहिल्या दिवशी अर्जदार त्यावर फक्त उभी राहिली आणि अल्लाचे नाव घेत खाली उतरली. पुढे झेबाचा हात धरून चालू लागली. नंतर हाताचे एक बोट पुरू लागले. घरी भिंत केव्हा सुटली ते कळलेही नाही. जी बाई ओट्याला भीत होती ती गच्चीवर पापड वाळत घालू लागली, यास सर्व गल्ली साक्षीदार आहे.

२. सदर पट्टा झाडाच्या दोराला जोडण्यासाठी दोन्ही टोकांना एकेक पोलादी शॅकल लागते. घोड्याच्या नालेसारखी वाकविलेली जाड कडी आणि तिचे तोंड बंद करणारी, आटे पाडलेली पिन, एवढाच तिचा संसार. मात्र या संसारात परक्याला जागा नाही. एका कडीची पिन दुसरीला लावायची नाही. पिन हरवली तर दुकानातला साधा बोल्ट घालायचा नाही, कडीच बदलायची. पिन शेवटपर्यंत फिरवायची. ओढ सरळ बसली पाहिजे, कडीच्या कुशीवर नाही. कडी वाकली, चिरली किंवा आटे झिजले, की तिला निवृत्त करायचे, मुदतवाढ द्यायची नाही. हे सर्व झेबाने अर्जदारास शिकविले व कड्यांची देखभाल अर्जदाराकडे सोपविली. अर्जदार रोज त्या मऊ फडक्याने पुसून, आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडून ठेवीत असे. यावर श्री. चांदपाशा यांनी, “मेरा चष्मा कभी इत्ते प्यार से नहीं पोछा,” अशी तोंडी तक्रार केली होती. ती निकाली काढण्यात आलेली नाही.

३. उद्यानाचे चौकीदार फकिरा यांनी, “बाई, साहेबाची परवानगी लागंल,” असे सांगितल्यावरून झेबाने रीतसर अर्ज केला. तिचे शिक्षण इंग्रजीत झाल्याने अर्ज इंग्रजीत होता. आपले लिपिक श्री. विश्वजीत हे कष्टाळू गृहस्थ आहेत. त्यांनी शब्दकोश उघडून त्याचे मराठी केले. शॅकल म्हणजे बेडी, असे त्यात छापलेलेच आहे. अर्जदाराने स्वतः पाहिले, शब्दकोशाचा दोष नाही. तयार झालेला मजकूर असा :

“मी माझ्या सासूला रोज सकाळी ढिल्या रेषेवर चालविते. त्यासाठी दोन पोलादी बेड्या वापरते. बेड्या उत्तम दर्जाच्या असून सासूच्या वजनाच्या कितीतरी पट ताण सोसतात. बेडीची पिन पूर्ण आवळल्याशिवाय मी सासूला पाऊल टाकू देत नाही. वापर झाल्यावर बेड्या पुसून कोरड्या ठेवते. सुटका हळूहळू करते, एकदम करीत नाही. तरी परवानगी मिळावी.”

यावर आपण ‘परवानगी नाही, चौकशी व्हावी’ असा शेरा मारलात. अर्जदार खुर्चीत असती तर तिनेही तोच मारला असता.

४. त्यानुसार दक्षता समितीच्या सदस्य उमाताई एका सकाळी उद्यानात आल्या, तेव्हा अर्जदार पट्ट्यावर होती. उमाताई धावत आल्या व म्हणाल्या, “आजी, घाबरू नका, आम्ही आलोय!” अर्जदार तोपर्यंत घाबरलेली नव्हती. या हाकेने दचकून ती खाली आली, झेबाने तिला कमरेला धरून सावरले. याची नोंद ‘सुनेने सासूस पकडून ठेवले’ अशी झाली आहे.

पुढील जबाब येणेप्रमाणे. “घरी पोटभर जेवायला देतात का?” असे विचारता अर्जदार म्हणाली, “देतात, पण मीठ कमी.” रक्तदाब असल्याने डॉक्टरांनीच तसे सांगितले आहे, हे वाक्य लिहून घेण्याआधी उमाताईंची शाई संपली. “पायाला ही खूण कसली?” असे विचारता अर्जदाराने मोजा दाखविला. मोज्याचे इलॅस्टिक घट्ट आहे. अहवालात ‘दोन्ही घोट्यांवर वण आढळले’ एवढेच आहे. “सून त्रास देते का?” या प्रश्नावर अर्जदार विचारात पडली, कारण खरे बोलायचे तर झेबा चहात साखर घालू देत नाही. हा विचार करण्यास जो वेळ लागला, त्यास ‘भीतीपोटी मौन’ म्हटले आहे.

५. दोन्ही शॅकल जप्त झाल्या व आपली पहिली नोटीस आली, की चौकशी पूर्ण होईपर्यंत सुनेने सासूपासून पन्नास फूट अंतर राखावे. महोदय, अर्जदाराचे घर या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्नास फूट नाही. तथापि अर्जदार सरकारी नोकरीत मुरलेली असल्याने आदेश पाळणे भाग होते. अर्जदार बैठकीत असली की झेबा समोरच्यांच्या ओट्यावर बसे. झेबा स्वयंपाकाला आली की अर्जदार मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन उभी राही. निरोपांची ने-आण श्री. चांदपाशा करीत. “डाळीत कोथिंबीर घालू का?” हा प्रश्न त्यांनी भर रस्त्यातून ओरडत आणला, तेव्हा भाजीवाल्यानेच उत्तर दिले.

गल्लीत बभ्रा झाला तो वेगळाच. चार घरच्या सासवा अर्जदाराकडे येऊन तक्रार कुठे करायची ते विचारून गेल्या. त्यांच्या सुना झेबाकडे येऊन त्या बेड्या कुठे मिळतात ते विचारून गेल्या.

६. एवढ्यावर हसून सोडून देता आले असते. परंतु पट्टा नाही आणि झेबाचा हात नाही, असे झाल्यावर अर्जदाराची भीती हळूच परत आली. आधी गच्ची सुटली, मग ओटा. एके दिवशी अर्जदार न्हाणीघरापर्यंत भिंत धरून गेली, ते झेबाने समोरच्या ओट्यावरून पाहिले. ती उठून उभी राहिली, दोन पावले पुढे आली आणि थांबली. तिला आत येता येत नव्हते. अर्जदाराने तिच्याकडे पाहण्याचे टाळले. हा परिच्छेद कार्यालयीन भाषेत बसत नसल्यास वगळावा, पण वाचून वगळावा.

७. याच सुमारास आपल्या कार्यालयाने उद्यानात ‘ज्येष्ठांचा विसावा’ नावाचा साखळ्यांचा मोठा झोका उभारला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आपण स्वतः पाहणी करणार असे कळल्यावरून काल अर्जदार श्री. चांदपाशा यांच्या खांद्याला धरून आली, हेतू हा की आपणांस भेटून शॅकल परत मागाव्यात. झेबा नोटिशीप्रमाणे फाटकाबाहेर थांबली. शॅकल मागण्याची गरज पडली नाही. त्या समोरच होत्या. जप्त मुद्देमालातून काढून त्याच झोक्याला लावल्या होत्या.

आणि कशा लावल्या होत्या! एका शॅकलची पिन गायब, तिच्या जागी बोळातल्या गंजक्या कपाटाला असतो तसा बोल्ट. दुसरीला पिन होती, पण साखळी थेट पिनेवरूनच फिरत होती. झोका मागे गेला की साखळी पिनेला फिरवी, पुढे आला की आणखी थोडी फिरवी. शिवाय दोन्हींवर ओढ आडवी. अर्जदाराने फकिरा यांना विचारले तर ते म्हणाले, “व्हय, मला बी बरं दिसंना. पण साहेब म्हणले, बेडीच हाय ती, तुटती कशाला?”

८. तेवढ्यात आपण झोक्यावर विराजमान झालात. श्री. विश्वजीत यांनी छायाचित्रासाठी जोराने झोका देण्यास सुरुवात केली. आपण हसत होतात. फाटकाबाहेरून झेबा ओरडली, “अम्मी, पिन देखो! पिन निकल रही है!” तिची नजर तीक्ष्ण आहे. अर्जदाराने वर पाहिले. पिन निम्मी बाहेर आली होती.

छायाचित्रासाठी अर्जदारास बाजूला उभे केले होते. तेथून झोक्यापर्यंत मोकळे मैदान आहे, धरायला भिंत नाही. श्री. चांदपाशा सांगतात, की अर्जदाराने त्यांचा खांदा सोडला आणि ती सरळ चालत गेली. अर्जदारास यातले काही आठवत नाही. तिला एवढेच आठवते, की झोका पुढे आला तेव्हा तिने दोन्ही हातांनी साखळी कवटाळली आणि ती सोडली नाही. आपण “अहो बाई, हे काय!” असे म्हणत होतात. श्री. विश्वजीत यांना वाटले मोर्चा आला. अर्जदाराने आपला कोट धरून आपणांस खाली घेतले, हे खरे आहे. कोटाचे बटण गेले, हेही खरे आहे. आपले पाय जमिनीला टेकले आणि पिन वरून सुटून, पाहणीनिमित्त खाली ठेवलेल्या पेढ्यांच्या ताटात पडली. झोक्याची एक बाजू धाडकन खाली आली. एक पेढा श्री. विश्वजीत यांच्या चष्म्यावर बसला.

९. आपण यास ‘योगायोग’ म्हणालात. पिन धुऊन पुन्हा लावण्यात आली आणि अर्जदारास दुसरी नोटीस मिळाली : कर्तव्यावर असलेल्या अधिकाऱ्यास झोक्यावरून ओढून सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल खुलासा करावा. खुलासा असा, की झोका घेणे हे सरकारी काम आहे, याची अर्जदारास एवढ्या वर्षांच्या नोकरीत कल्पना नव्हती. असती तर तिने बदली मागितली असती.

१०. आज उद्घाटन आहे. फुलंब्रीहून ज्येष्ठ नागरिकांची बस निघाली आहे. ते अर्जदाराच्याच वयाचे आहेत. पडल्यावर माणूस किती दिवस भिंत धरतो, हे त्यांना समजावे अशी अर्जदाराची इच्छा नाही. म्हणून अर्जदाराने सकाळीच येऊन झोक्याची फळी काढून घेतली असून, ती दूर गवतात टाकून त्यावर ती बसलेली आहे. हा अर्ज तेथूनच लिहिला आहे. अर्जदार बेडीत नाही, स्वखुशीने बसली आहे, हे कृपया ठळक नोंदवावे.

तरी विनंती, की (अ) दोन्ही शॅकल उतरवून जाणत्या माणसाकडून तपासाव्यात, खराब झालेली पुन्हा वापरू नये, आणि झोक्यासाठी झोक्याचेच सामान, पिन फिरू नये म्हणून तिला तारेचा वेढा देऊन, लावावे. (ब) झेबावरील अंतरबंदी उठवावी. (क) भाषांतर करताना शब्दकोशाबरोबर एकदा माणसालाही विचारावे.

कळावे, ही सवयीने लिहिलेली ओळ आहे. यावेळी खरोखर कळावे.

आपली नम्र, परंतु न उठणारी,
जहांआरा चांदपाशा इनामदार
दि. १८ जानेवारी २०२५

सोबत : १) शब्दकोशातील पानाची छायाप्रत. २) मोज्यांचा जोड, घोट्यावरील खुणेच्या पुराव्यादाखल. ३) निरोप पोहोचवून घसा बसल्याबाबत श्री. चांदपाशा यांचे निवेदन.

ता.क. : अर्ज दाखल करण्यापूर्वी आपण स्वतः येथे आलात, म्हणून पुढील मजकूर जोडीत आहे.

आपण आल्या आल्या स्टूल मागविलेत व वर चढलात. पिनेला दोन बोटे लावताच ती फिरली. दुसऱ्या बाजूचा बोल्ट आपण पाहिलात. कालच्या आपल्या चार झोक्यांतच तो वाकला होता. आपण स्टुलावरूनच मागे वळलात. मग फकिरा यांना म्हणालात, “फाटकावर दोरी बांध. कोणाला इकडं सोडू नको.” खाली उतरून अर्जदाराला विचारलेत, “इनामदार मॅडम, हे नीट कोणाला बघता येईल?”

अर्जदाराने फाटकाबाहेर बोट दाखविले. आपण म्हणालात, “बोलवा की मग त्यांना.” अर्जदार म्हणाली, “पन्नास फुटांचा आदेश लेखी आहे. रद्द झाल्याचे लेखी लागेल.” आपण खिशात पेन शोधलेत, सापडले नाही, आणि शेवटी कपाळावर हात मारून आपणच फाटकाकडे तोंड करून ओरडलात, “झेबा मॅडम, या हो आत! चुकलं आमचं!”

हे आपण सर्वांसमक्ष बोललात. अर्जदार ते लेखी मानते. मागणी (ब) निकाली.

झेबा धावत आली. तिने झोक्याकडे पाहिलेच नाही. ती आधी अर्जदारासमोर गुडघ्यावर बसली, “घुटने दुख रहे ना?” म्हणाली, आणि हात पुढे केले. हाताचे एक बोट पुरते, हे ती विसरली असावी, तिने दोन्ही हात पुढे केले आहेत. अर्जदारानेही आठवण करून दिलेली नाही.

अर्जदार आता उठत आहे, सबब येथे थांबते.

ज. चां. इ.