बसायला नेलेलं पांघरूण

माझ्या विसरभोळ्या धाकटीला,

मोठ्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. हे पत्र हाती पडलं की तू आधी चष्मा शोधशील. तो कपाळावर आहे. तिथे नसला तर पिठाच्या डब्यात बघ, मागच्या खेपेला तिथेच निघाला होता. माझ्या आधीच्या पत्राचं उत्तर आलं नाही. म्हणजे तू एकतर ते लिहायला विसरलीस, नाहीतर लिहून उशीखाली ठेवलंस आणि आता उशी टोचते म्हणून कुरकुरत असशील. पण यंदा मी रागावलेली नाही. उलट तुझा विसरभोळेपणा शाबूत आहे ना, कुणी कधी तुला काय कबूल केलं होतं असलं काही डोक्यात राहत नाही ना, एवढं मात्र आठवणीनं कळव. का विचारते ते पुढे येईल. तुझे गुडघे कसे आहेत? अजून गारठतात का? यजमानांचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर निदान तुला ऐकू येणं कमी झालं असेल, तेही बरंच.

आता हे एवढं मोठं अक्षर बघून दचकू नकोस. मला डोळ्यांनी कमी दिसतं, तुला नव्हे, हे मला ठाऊक आहे. मी सांगते आणि मुंगी लिहिते. मुंगी म्हणजे आमच्या चिरंजीवांच्या वर्गातली एक मुलगी. दिसायला एवढीशी, पण एका जागी ठरत नाही आणि जिथे गोड असेल तिथे सगळ्यांच्या आधी पोचते. पत्र लिहून देणं हा तिचा उद्योग आहे आणि ती पानामागे पैसे घेते. म्हणून एकेका पानावर हत्तीएवढी अक्षरं. (लिही, हेही लिही. खरं तेच सांगते आहे. थांबलीस की मी विसरते.)

सगळ्या भानगडीचं मूळ आमचे चिरंजीव. मुलांना इतकी वर्षं हिशेब शिकवत होते तोवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. यंदा शाळेनं नवीन विषय काढला: स्वतःचा उद्योग कसा करावा, बाजार कसा चालतो, मोकळ्या व्यापारात माणसाला संधी कशी सापडते. आणि तो शिकवायला दिला कुणाला, तर ज्यानं जन्मात एक वस्तू धड विकली नाही त्याला. तुला आमचं जुनं कपाट आठवतं? (नसेलच.) ते यानं विकायला काढलं. गिऱ्हाईक म्हणालं, फार जड आहे. हा म्हणाला, खरंय हो. गिऱ्हाईक म्हणालं, दार कुरकुरतं. हा म्हणाला, पावसाळ्यात जास्तच. शेवटी हातगाडीचं भाडं यानंच दिलं आणि गाडीच्या मागे धावत जाऊन आरशावर पांघरायला चादर दिली, ती चादर अजून परत आलेली नाही. मी म्हटलं, अरे बाबा, तू शिकवणार धंदा? तर म्हणतो, "आई, शिकवायला विषय समजावा लागतो. करायला तर कुणालाही येतं." यावर बोलायचं काय, तूच सांग.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्याची नोकरी अजून कच्ची आहे. शाळेच्या मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की वर्षअखेरीला मुलांचा बाजार भरवा. तो चालला तर विषय राहील आणि विषय राहिला तर मास्तर राहतील. त्या दिवसापासून आमची सूनबाई भाजी चिरताना गुणगुणायची बंद झाली. यावरून काय ते ओळख. शिवाय नोकरी गेली असती तर हा दिवसभर घरी बसून मलाच शिकवत राहिला असता, ती धास्ती वेगळीच.

तर त्याचा पहिला धडा असा: जिथे माणसाची अडचण, तिथे उद्योगाची संधी. मुलांनी विचारलं, अडचणीतलं माणूस कुठे मिळेल? हा शहाणा म्हणाला, "आमच्या घरी चला, आई आहे." दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग आमच्या पुढच्या खोलीत. चपलांचा ढीग असा की दार मिटेना. एकानं फार नम्रपणे विचारलं, "आजी, सध्या तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती?" मी म्हटलं, "बाळा, तू माझ्या पायावर उभा आहेस." त्यानं ते मान हलवून लिहून घेतलं आणि चार दिवसांनी माझ्या पायांभोवती ठेवायचं लाकडी कुंपण करून आणलं. आता कुणी माझ्या पायावर उभं राहत नाही हे खरं, पण मलाही खुर्चीतून उठता येत नाही. एकीनं माझा चष्मा हरवू नये म्हणून त्याला घंटी बांधली. मी मान हलवली की मांजर पलंगाखाली पळतं. (तो चष्मा तुझ्याच कामाचा आहे, हवा तर पाठवते.) एकजण रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायला यायचा. चोर खिडकीतून आत शिरला इथपर्यंत वाचून थांबायचा आणि म्हणायचा, पुढचं उद्या. नकार देता येईना. चिरंजीव दाराआडून हात जोडायचे, "आई, मुलांचा हुरूप जाईल."

या सगळ्यात कामाच्या दोघीच होत्या, मुंगी आणि तिची वैरीण शिट्टी. (वैरीण म्हणजे तेव्हाची. पुढे ऐक.) शिट्टीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तुला ठाऊकच आहे, चिंध्या जोडून पांघरुणं शिवण्यात माझा दिवस जातो, पण सुईत दोरा ओवताना सुईला दोन भोकं दिसतात आणि मी नेमकी नसलेल्यात ओवते. मुंगीनं ही अडचण हेरली आणि सुया ओवून द्यायचा उद्योग काढला. शिट्टीनं तेच ऐकलं आणि तिनं कमी पैशांत तेच सुरू केलं. मुंगीनं भाव आणखी उतरवला. शिट्टीनं दोऱ्याला गाठ मारून द्यायला सुरुवात केली, वर काही न घेता. मग मुंगी फुकट ओवू लागली. मग शिट्टी फुकट ओवून वर माझी पाठ चेपू लागली. धाकटे, खरं सांगते, लग्न होऊन सासरी आल्यापासून माझे असे लाड कधी झाले नव्हते. मी चिरंजीवांना म्हटलंसुद्धा, बाबा रे, तुझा विषय वाईट नाही. तो म्हणाला, याला स्पर्धा म्हणतात, हिच्यात गिऱ्हाइकाचं भलं होतं.

होतं ना! सोमवारी दोघी गळ्यात गळे घालून आल्या आणि म्हणाल्या, "आजी, आम्ही एकत्र आलो." मला आनंदच झाला, पोरींचं भांडण मिटलं. मुंगीला खाऊ दिला, शिट्टीलाही दिला. खाऊ संपला आणि मग कळलं की भाव वाढला. पहिल्यापेक्षाही जास्त. पाठ चेपायची तर निराळे, गाठीचे निराळे. मी म्हटलं, मी दुसऱ्या कुणाकडून ओवून घेईन. शिट्टी म्हणाली, "कुणाकडून?" आणि दोघी हसल्या. खरंच, कुणाकडून? सूनबाई दिवसभर कामावर, चिरंजीव सुई बोटात ओवतात. मी तक्रार केली तर आमचे मास्तर हरखून म्हणाले, "याला मक्तेदारी म्हणतात! मी अजून शिकवलीसुद्धा नव्हती, त्यांच्या त्या पोचल्या!" आई लुबाडली गेली याचं काहीच नाही, धडा पुढे गेला. (मुंगे, हसू नकोस, शाई सांडेल. आणि आता मी सगळ्या पत्राचा एकच ठोक भाव ठरवला आहे. बघ धाकटे, लगेच अक्षर कसं बारीक झालं ते.)

मग आला बाजाराचा दिवस. शाळेच्या अंगणात वर्गातल्या प्रत्येकाचं टेबल. कुणी पिशव्या, कुणी मेणबत्त्या, कुणी कुंड्या, कुणी माझ्या पायांभोवतीच्यासारखी आणखी कुंपणं. चिरंजीवांनी सगळ्यांना विकायला शिकवलं होतं. विकत घ्यायचं कुणी, हे तेवढं शिकवायचं राहिलं. आईबाप आले ते आपापल्या मुलाच्या टेबलामागे जाऊन उभे राहिले आणि समोरच्या टेबलाकडे बघून हसत बसले. मधे मोकळं अंगण, त्यात एक कुत्रं. आम्हाला मात्र सक्तीचं आमंत्रण होतं, निदान एक तरी गिऱ्हाईक फिरताना दिसावं म्हणून. मी एक चक्कर मारली आणि पाय दुखले म्हणून खुर्ची मागितली. तर खुर्च्या एका पोरानं ताब्यात घेऊन भाड्यानं लावलेल्या! मी म्हटलं, जळो तुझी खुर्ची. माझ्याबरोबर शिवायला आणलेलं पांघरूण होतं, कडेचे टाके तेवढे राहिले होते. त्याची घडी पायरीवर घातली आणि बसले.

मी बसले आणि पंचाईत झाली. कुणाची तरी आई येऊन म्हणाली, हे केवढ्याला? मी म्हटलं, विकायचं नाही, बसायचं आहे. ती गेली आणि नवऱ्याला घेऊन आली. नवरा कोपरा चिमटीत धरून म्हणाला, वा. मी म्हटलं, विकायचं नाही. मग तिसरी आली. मी नाही म्हणत गेले तसतसे लोक आपापली टेबलं सोडून माझ्याकडे बघायला येऊ लागले. मला वाटलं, मी घातलंय बसायला आणि यांना दिसतंय काय! वर्गातला एक पोरगा माझ्या कानाशी लागला, "आजी, असंच नाही म्हणत राहा. याला टंचाई म्हणतात." मी म्हटलं, याला हट्ट म्हणतात, बाजूला हो. ते कुणासाठीतरी शिवलेलं होतं, आणि त्यात मधोमध आपल्या आईच्या निळ्या कपड्याचा तुकडा होता. ते मी कशाला विकू?

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. हातात कागद, मागे आमचे चिरंजीव, आणि चिरंजीवांचा चेहरा थेट कपाट गाडीवर चढवतानाचा. मोठ्या बाई चारी बाजूंना बघून हळूच म्हणाल्या, "मास्तर, वस्तू छान आहेत. पण दिवसभरात एकही विक्री झालेली दिसत नाही." त्यानं जवळच्या टेबलावरची कुंडी उगाच सरळ केली. लहानपणी गुडघा फुटला की रडू गिळून तो असाच उभा राहायचा, तुला आठवतं का? हे तरी आठवत असेल.

मी उठले. म्हटलं, "बाई, ही होतेय ना विक्री. गिऱ्हाइकांची रांग आहे, तुम्हालाच आधी दाखवते." आणि धाकटे, घडी उलगडली. पण निळा तुकडा द्यायला जीव होईना. मुंगीची कात्री घेतली, सगळ्यांदेखत टाके उसवले आणि तुकडा पोलक्यात खोचला. मधे हे एवढं भोक. मला वाटलं, आता गेलं सगळं. मोठ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे मधला तुकडा गिऱ्हाइकानं आपल्या आवडीचा लावायचा? कल्पना फारच सुंदर आहे!" मी म्हटलं, तेच तर. दुसरं काय म्हणणार होते? शिकलेल्या बाई, त्यांना दिसली ती कल्पना; माझं भोक मी कशाला दाखवू? त्यांनी ते घेतलं. आणि बघायला जमलेले आईबाप आता टेबलांच्या पुढच्या बाजूला आलेच होते, तर रिकाम्या हातांनी कसं जायचं म्हणून एकमेकांच्या मुलांकडून घेऊ लागले. कुंपणंसुद्धा खपली. विषय राहिला, मास्तर राहिले. संध्याकाळी सूनबाईनं कांदा चिरताना अख्खं गाणं म्हटलं. आणि चिरंजीव मला काय म्हणाले असतील? "पाहिलंस आई? मी शिकवलेलं कसं कामी आलं!" मी घंटीचा चष्मा घालून नुसती मान हलवली.

असो. तब्येतीला जप. उत्तर पाठव आणि ते टपालात टाक.

तुझी मोठी बहीण

ता. क. ते पांघरूण तुझं होतं. गेल्या खेपेला तुझ्याकडून निघताना तुझ्या गारठलेल्या गुडघ्यांवर हात ठेवून मी कबूल केलं होतं तेच. विसरली असलीस तर हे वाक्य वाचलं नाहीस असं समज.

पुन्हा ता. क. आणि आठवत असेल तर स्वतःच ये. पाकिटात आईचा निळा तुकडा घातला आहे. तो घेऊनच ये, म्हणजे नवीन पांघरुणात मधोमध तोच लावू. खरं सांगायचं तर मोठ्या बाईंच्या मैत्रिणींनाही पांघरुणं हवी आहेत, सगळ्यांना भोकासकट. माझ्या एकटीच्या हातून होणार नाहीत. तुझा टाका माझ्यापेक्षा बारीक आहे, हे मी आजवर कधी बोलले नाही, आताही फक्त कागदावर बोलते आहे. तुझ्या घरचे जुने, धुऊन मऊ झालेले कपडे असतील तेवढे आण. मुंगी आणि शिट्टी आता आपल्याकडे सुया ओवतात, आणि भाव मी ठरवते, कारण दुसरं गिऱ्हाईक त्यांना तरी कोण आहे? दोघी मला मालकीणबाई म्हणतात. तू आलीस की अर्धी मालकी तुझी. पुढच्या खोलीत तुझी खाट घालून ठेवली आहे.

शेवटचं ता. क. मुंगी घरी गेली. हे चिरंजीवांकडून लिहून घेते आहे, म्हणून अक्षर गचाळ. पण फुकट आहे. येताना, किंवा यायला वेळ लागणार असेल तर आधीच, खायचं पाठव. मोठा डबा खारे शेंगदाणे, पोरींच्या मजुरीसाठी. शेंगदाण्यांना मीठ लावायला विसरू नकोस. आणि लहान डबा बिया काढलेला मऊ खजूर, तो एकट्या माझ्यासाठी. त्या डब्यावर ठळक अक्षरात ‘औषध’ असं लिही. मला वाचता येत नाही, पण ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांना येतं.