घोडेस्वार बुडाला असंच सांगा

जोतीरामभावजी,

भाकरी टोपलीत हाय, कालवण शिंक्यावर. मी मामंजींबरोबर साताऱ्याला पलटणीच्या हापिसात चाललीय. दिवस मावळायच्या आत येऊ.

तुमी कोरेगावच्या तंबूतनं सिनेमा बघूनच येणार, म्हणून हे लिहिलं. तुमच्या आईला, आत्याबाईंना, दिसत न्हाई, तवा दर बाजाराला मी नवा भाग बघून त्यांना सांगती. या खेपेला घोडेस्वार कड्यावरनं नदीत पडला आन् लगेच कोरड्या फेट्यानं वर आला. मला ते पटलं न्हाई. एवढ्या उंचावरनं पडल्यावर माणूस मरतोच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या आईचं काय झालं, ते एकाबी भागात दाखवलं न्हाई.

मी आत्याबाईंना तो बुडाला म्हणून सांगितलं.

तुमी कुंडलला होता तवा तार आली. तुमचे दादा ब्रह्मदेशात लढाईत गेले, भावजी. तोंडानं सांगायचा धीर झाला न्हाई. आत्याबाईंना अजून ठाऊक न्हाई. त्या घोडेस्वाराला नेहमी 'माझ्या लेकागत हाय' म्हणत्यात. वाटलं, आधी त्याच्यासाठी रडू द्यावं, मग घरचं सांगावं.

त्या रडल्या न्हाईत. म्हणाल्या, "पुढच्या बाजाराला येतोय बघ, असली माणसं मरत न्हाईत."

त्यांनी इचारलं तर तुमीबी तो बुडालाच म्हणा. ही चिठ्ठी चुलीत घाला.

बांगड्या मी अजून उतरवल्या न्हाईत. सकाळी उठल्यावर आत्याबाई माझा हात चाचपून बघत्यात.